धन्याची वाणी, चिटणीसाची लेखणी

शिवकालातील एखादे अस्सल पत्र समोर घेऊन बसावे, म्हणजे त्याच्या शिरोभागी अष्टकोनी राजमुद्रा, तिच्याखाली मोडी मजकुराच्या घट्ट ओळी आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मोर्तब, एवढे सारे ठळकपणे दृष्टीस पडते. मात्र धन्याच्या मुखातून निघालेला, किंवा पुष्कळदा केवळ आशयरूपाने सुचविलेला, विचार ज्याने शब्दांत बांधला त्याचे नाव त्या कागदावर बहुधा शोधूनही सापडत नाही. सेनापतीचा पराक्रम मुलूख किती जिंकला यावरून मोजता येतो आणि अमात्याची हुशारी जमाखर्चाच्या ताळेबंदावरून. परंतु राजाच्या किंवा पुढाऱ्याच्या खास चाकरीतील लेखकाचे काम जितके उत्तम वठेल तितके ते धन्याचेच ठरत जाते, आणि त्याला स्वतःचे श्रेय मिळण्याचा प्रसंग बहुधा काम बिघडले म्हणजेच येतो. अशा माणसाला अधिकार कोठून मिळत होता, आणि तो टिकत तरी कशाच्या आधारावर होता, हे पाहू गेल्यास आपल्या सार्वजनिक जीवनाच्या तीनशे वर्षांच्या इतिहासातील एक बाजू उजेडात येते.

मराठी राज्याच्या रचनेत राजाच्या निकट असलेली लेखणी एकच नव्हती. मंत्री, म्हणजेच वाकनीस, यांच्याकडे राजाच्या दैनंदिन व्यवहाराची नोंद आणि आमंत्रण-भोजनादी खाजगीची देखरेख, सचिव, म्हणजेच सुरनीस, यांच्याकडे राजपत्रांतील मजकुराची तपासणी, फडणिसाकडे हिशेब, आणि दिल्ली-विजापूरच्या दरबारांशी फारसीत व्यवहार करावयाचा, तर त्यासाठी पारसनीस किंवा मुनशी. औरंगजेबाने जिझिया बसविल्यावर महाराजांच्या नावाने त्याला जे सुप्रसिद्ध फारसी पत्र गेले, त्याची रचना नीळ प्रभू मुनशी यांची मानली जाते. या साऱ्यांत चिटणीसाचे स्थान चमत्कारिक होते. राजपत्रे लिहावीत, आलेल्या राजकारणी पत्रांची उत्तरे सिद्ध करावीत, सनदांचे व आज्ञापत्रांचे मसुदे करावेत, ही कामे त्याची. म्हणजे राज्याचे जितके म्हणून गुपित ते त्याच्या दौतीतून जावयाचे, आणि तरीही अष्टप्रधानांच्या पंक्तीत त्याला पाट नव्हता. प्रधानाला पद होते, फौज होती, मोहिमेवर जाण्याची जबाबदारी होती. चिटणीसाला एका माणसाचा विश्वास होता.

हा विश्वास शिवाजी महाराजांपाशी ज्यांनी संपादन केला ते बाळाजी आवजी चिटणीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील होते. त्यांच्याविषयीची एक कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. इतर कामांच्या गर्दीत ते लिहिणे राहून गेले. रात्री महाराजांनी पत्र वाचून दाखविण्यास फर्माविले तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून, कोठेही न अडखळता, संपूर्ण पत्र वाचून दाखविले, आणि दिवटी धरून उभ्या असलेल्या सेवकाला हसू आवरेना तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. मग तेच पत्र जसेच्या तसे कागदावर उतरवून त्यांनी महाराजांची शाबासकी मिळविली. ही कथा अक्षरशः घडली असेल असे मला वाटत नाही. परंतु लोकांनी ती का जपली हे समजण्यासारखे आहे. हुकूम उतरवून घेणारे कारकून शेकड्याने मिळतात. या प्रसंगी धनी काय म्हणेल, कोणाला 'राजश्री' लिहील, कोठे दटावील आणि कोठे केवळ 'बहुत काय लिहिणे' म्हणून थांबेल, हे आधीच ज्याच्या मनात सिद्ध असते तोच चिटणीस, ही लोकांची या धंद्याविषयीची समजूत त्या कथेत साठविलेली आहे. मोडीला जे 'चिटणिशी वळण' म्हणतात, तेही याच घराण्याच्या कीर्तीशी जोडले जाते.

परंपरा असेही सांगते की, 1674 मधील राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी बाळाजींना प्रधानपद देऊ केले असता त्यांनी ते न स्वीकारता चिटणिशीच आपल्या घराण्यात वंशपरंपरा चालावी असे मागून घेतले. प्रधानपदे वंशपरंपरा देऊ नयेत, वतने वाढू देऊ नयेत, हे महाराजांचे धोरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मागणीतील दूरदृष्टी आणि तिच्यातील विसंगती दोन्ही एकाच वेळी जाणवतील. मर्जीवर उभ्या असलेल्या पदाला वतनाचा पाया घालण्याचा तो प्रयत्न होता. मर्जी करणारा धनी गेला म्हणजे केवढी आपत्ती ओढवते, हे मात्र पुढे सातच वर्षांत दिसून आले.

एप्रिल 1680 मध्ये महाराज निवर्तले आणि राजाराम महाराजांना गादीवर बसविण्याचा घाट रायगडावरील काही प्रधानांनी घातला. तो फसला, संभाजी महाराजांनी प्रारंभी अनेकांना क्षमाही केली. परंतु 1681 मध्ये पुन्हा कट उघडकीस आला, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर कोकणात पालीनजीक येऊन राहिला होता त्याच्याशी संधान बांधण्याचा यत्न कटवाल्यांनी केल्याचे खुद्द त्याच्याकडूनच संभाजी महाराजांना कळले, आणि अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्यासह बाळाजी आवजी आणि त्यांचा एक पुत्र आवजी यांना देहान्त शिक्षा झाली. हत्तीच्या पायी देऊन ही शिक्षा झाली, असे सांगतात. बाळाजी त्या कटात मनःपूर्वक होते, की इतरांच्या दडपणाने ओढले गेले होते, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मला इतकेच दिसते की, त्या काळी कट म्हणजे आधी पत्र, आणि राज्यात पत्रांचा सारा कारखाना ज्याच्या हाती त्याला अशा प्रसंगी तटस्थ राहण्याची सोय नसते. त्याने लिहिले तर तो कटात सामील, न लिहिले तरी त्याला सारे ठाऊक. दोन्ही बाजूंनी तो नव्या धन्याच्या संशयास पात्रच.

आश्चर्य पुढेच आहे. ज्याच्या बापाला आणि भावाला अशा रीतीने मरण आले, तो बाळाजींचा दुसरा पुत्र खंडो बल्लाळ त्याच संभाजी महाराजांच्या चाकरीत राहिला आणि निष्ठेचा आदर्श म्हणून नावाजला गेला. 1683 मध्ये गोव्यावरील स्वारीत खाडीच्या भरतीत महाराजांचा घोडा वाहवत चालला असता खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचविले, ही कथा घराण्याच्या परंपरेत येते. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज वेष पालटून जिंजीकडे निघाले तेव्हा खंडो बल्लाळ त्या जिवावरच्या प्रवासात त्यांच्यासोबत होते. आणि आठ वर्षांनी जिंजीचा वेढा आवळत आला, तेव्हा मोगलांच्या बाजूस असलेल्या शिर्क्यांना वळवून राजाराम महाराजांच्या सुटकेची वाट मोकळी करून घेण्यासाठी त्यांनी आपले कोकणातील वतन शिर्क्यांना देऊन टाकले, असे सांगितले जाते. पित्याने मर्जीचा भरवसा नाही म्हणून घराण्यासाठी वतनाचा आधार मागावा आणि पुत्राने धन्याच्या प्राणासाठी ते वतनच खर्ची घालावे, यात कोणाला काव्यात्म न्याय दिसेल; मला दिसतो तो व्यवहार. राज्यच बुडाले तर वतनाची सनद कोणाच्या मुद्रेची? चिटणीसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला कागदाचे मोल इतरांहून अधिक नेमके कळत असले पाहिजे.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीत हे घराणे साताऱ्यास पुन्हा स्थिरावले. खंडो बल्लाळ 1726 मध्ये वारले, आणि त्यांचे पुत्र गोविंदराव हे शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या अगदी विश्वासातील गृहस्थ होते. पुढे छत्रपतींची सत्ताच नाममात्र उरली, तशी चिटणिशीही. पुण्यास पेशव्यांच्या पदरी हिशेबाच्या लेखणीने पत्राच्या लेखणीवर मात केली, आणि फडणिशीच्या गादीवरून बाळाजी जनार्दन भानू हे राज्याचे सूत्रधारच झाले. परंतु ते नाना फडणीस झाल्यावर त्यांना कोणाचे खाजगी चाकर म्हणणे हास्यास्पद होईल, म्हणून त्यांचा विषय येथे सोडतो. चिटणीस घराण्यातील मल्हार रामराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साताऱ्यास बसून शिवाजी महाराजांपासूनच्या छत्रपतींची जी बखर लिहिली, तिच्यामुळेच वर सांगितलेल्या कथांपैकी पुष्कळ आपल्यापर्यंत आल्या. वंशजाने सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहिलेल्या या बखरीत पूर्वजांची निष्ठा ठळक आणि त्यांचे दोष फिके होणे स्वाभाविक आहे. इतिहाससंशोधकांनी तिच्यावर पुष्कळ कोरडे ओढले आहेत, आणि ते बव्हंशी योग्यही आहेत. पण धन्याच्या इतिहासात आपल्या घराण्याची बाजू मांडण्याचा चाकराला मिळालेला एवढा एकच अवसर होता, हेही विसरता येत नाही.

इंग्रजी अमलात राजे गेले आणि पुढारी आले. पुढाऱ्यापाशी मुद्रा नव्हती, सनद देण्याचा अधिकार नव्हता. होते ते वर्तमानपत्र, व्यासपीठ आणि टपाल. लोकमान्य टिळक 'केसरी'चे अग्रलेख पुष्कळदा तोंडी सांगत आणि लेखनिक ते उतरवून घेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि पुढाऱ्याच्या खाजगी कार्यवाहाचा धंदा ज्याने अशा कोटीस नेला की तेथून पुढे त्याचे केवळ अनुकरणच शक्य उरले, तो पुरुष गुजराथेतून आला, मुंबईत शिकला आणि पुण्यात मेला.

महादेव हरिभाई देसाई यांचा जन्म 1 जानेवारी 1892 रोजी सुरत जिल्ह्यातील सरस या गावी झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले, वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली, मॉर्लेच्या एका ग्रंथाचे गुजराती भाषांतर केले आणि सहकारी बँकेत तपासनीस म्हणून काही काळ गावोगाव हिंडले. 1917 च्या नोव्हेंबरात ते गांधीजींकडे रुजू झाले, आणि लगोलग पत्नी दुर्गाबेन यांच्यासह चंपारण्यात गेले, जेथे मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या कार्यकर्त्या खेड्यांतून शाळा चालवीत होत्या. त्यांची रोजनिशी त्याच महिन्यापासून सुरू होते आणि 14 ऑगस्ट 1942 पर्यंत चालते. या पंचवीस वर्षांच्या चाकरीला वतन नव्हते, पगारपत्रक नव्हते, बढती नव्हती आणि निवृत्तीही नव्हती.

त्यांच्या कामाची यादी करावयास बसले तर ती बाळाजी आवजींच्या काळातील तीन-चार दरकदारांच्या कामांइतकी होईल. पत्रे लिहिणे आणि पत्रांचा निकाल लावणे हे चिटणीसाचे काम. बापूंच्या बोलण्याचालण्याची, भेटीगाठींची, खाण्यापिण्याची आणि दुखण्याखुपण्याची नोंद ठेवणे हे वाकनिसाचे. गुजरातीतील मजकूर इंग्रजीत आणि इंग्रजीतील गुजरातीत नेणे हे पारसनिसाचे. आणि शिवाय 'नवजीवन', 'यंग इंडिया' आणि पुढे 'हरिजन' यांचे रकाने भरणे. इतरांच्या भाषणाची टिपणे ते इतक्या झपाट्याने आणि इतक्या सुवाच्य अक्षरांत घेत की लघुलेखकांनी लाजावे. 1921 मध्ये मोतीलाल नेहरूंचे 'इंडिपेंडंट' सांभाळण्यासाठी त्यांना अलाहाबादेस धाडण्यात आले, आणि सरकारने छापखान्याची वाट अडविली तेव्हा ते पत्र हाताने लिहून काढले गेले. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते गांधीजींसमवेत लंडनला गेले. गांधीजींची आत्मकथा 1925 पासून गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध होत गेली, आणि तिचे इंग्रजी भाषांतर महादेवभाईंनी केले. पाचव्या भागातील 29 ते 43 ही प्रकरणे गांधीजींचे दुसरे कार्यवाह प्यारेलाल यांच्या हातची आहेत, कारण त्या वेळी महादेवभाई बारडोलीच्या शेतसाऱ्याच्या चौकशीत गुंतले होते. गुजराती न जाणणाऱ्या जगाला गांधींच्या बालपणाचा, विलायतेचा आणि दक्षिण आफ्रिकेचा वृत्तान्त ज्या शब्दांत ठाऊक आहे ते शब्द बव्हंशी महादेवभाईंचे आहेत. 'एम. डी.' या सहीचे लेख आणि गांधीजींचे लेख यांच्या इंग्रजीत फरक करणे वाचकांना अवघड जाई, असे समकालीनांनी नमूद केले आहे.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध तुरुंग आणि आश्रम यांच्या वाटेने घट्ट झाला. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई एकत्र होते, आणि पुणे कराराच्या त्या सप्टेंबरातील उपोषणाचा आतून पाहिलेला वृत्तान्त आपल्याला मिळतो तो त्यांच्या रोजनिशीमुळे. पुढे गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, जाऊन राहिले, पण टपाल, छापखाना आणि पाहुणे वर्ध्यालाच येत. म्हणून महादेवभाईंचा मुक्काम मगनवाडीत, आणि तेथून शेगावपर्यंतची साडेपाच मैलांची पायपीट, जाऊन-येऊन अकरा मैल, विदर्भाच्या वैशाखातही चुकत नसे. या पायपिटीने आणि अविश्रांत जागरणाने त्यांचा रक्तदाब वाढला आणि 1938 मध्ये प्रकृती ढासळली. त्याच वर्षी पुरीस असताना कस्तुरबा आणि दुर्गाबेन अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या जगन्नाथाच्या मंदिरात जाऊन आल्या, गांधीजींना त्याचा विलक्षण क्लेश झाला, आणि महादेवभाईंनी आपल्याला मोकळे करावे अशी विनवणी केली. ती मान्य झाली नाही. या प्रकरणात गांधीजी आपल्या जवळच्या माणसांशी कठोर वागले, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु महादेवभाईंनी आपला राजीनामा आणि त्याला आलेले उत्तर हा सारा प्रकार 'हरिजन'मध्ये स्वतःच छापला, ही गोष्ट मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते. जुन्या चिटणीसाला धन्याची गैरमर्जी ही प्राणावरची गोष्ट होती, म्हणून ती लपवावी लागे. येथे ती जाहीर कागदावर मांडता आली, कारण दोघांमध्ये देण्याघेण्याचा करारच नव्हता.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजींबरोबर त्यांना अटक झाली आणि पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. बापू आता तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभतील, ही चिंता त्यांना पोखरीत होती. सहाच दिवसांनी, 15 ऑगस्टच्या सकाळी, हृदयक्रिया बंद पडून ते गेले, वय पन्नास. गांधीजींनी त्यांच्या देहाला स्वतः स्नान घातले, त्याच आवारात दहन झाले, आणि सुटका होईपर्यंत गांधीजी त्या जागेवर नित्य जात. ज्या उपोषणाची त्यांना धास्ती होती ते पुढील फेब्रुवारीत झाले, एकवीस दिवसांचे. आणि त्यातून गांधीजी वाचले.

महादेवभाईंची थोरवी मान्य करूनही त्यांच्या मार्गातील एक उणीव सांगितली पाहिजे. असा सेवक मिळण्यास तसाच पुढारी आणि तसाच आश्रम लागतो. ज्या पुढाऱ्यामागे धनिकांचे साह्य आणि स्वयंसेवकांचा मेळा नाही, त्याने काय करावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1951 मध्ये केंद्रीय मंत्रिपद सोडून दिल्लीत 26 अलीपूर रोड येथे राहू लागले, तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती, ग्रंथलेखनाचा व्याप मोठा होता, आणि त्यासाठी कचेरी अशी नव्हती. पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातून आलेले नानकचंद रत्तू हे सरकारी नोकर. दिवसभर आपल्या कचेरीत काम करून ते संध्याकाळी बाबासाहेबांच्या घरी येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची इंग्रजी टंकलिखिते त्यांच्या हातून सिद्ध झाली. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री बाबासाहेबांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे आपल्या टेबलावर ठेवावयास सांगितले, आणि रत्तू ती व्यवस्था करून घरी परतले. सकाळी त्यांना बोलावणे आले ते निधनाच्या वार्तेचे. वतनदार चिटणीस आणि आश्रमवासी कार्यवाह यांच्या मानाने या माणसाची स्थिती किती निराळी होती! पोट एका चाकरीवर आणि निष्ठा दुसऱ्या दारी. आपल्या समाजातील पुष्कळ मोठी कामे अशाच संध्याकाळच्या वेळांत झालेली आहेत, पण त्यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात लागत नाही.

स्वराज्यात मंत्र्यांचा कार्यवाह हा सरकारी श्रेणीतील अधिकारी झाला, आणि खास चाकरीला पुन्हा एक आधार मिळाला, या वेळी वतनाचा नव्हे तर सेवानियमांचा. 1962 मध्ये चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले तेव्हा त्यांचे खाजगी सचिव झालेले राम प्रधान पुढे केंद्रीय गृहसचिव आणि राज्यपाल झाले, आणि संरक्षण खात्यातील त्या दिवसांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. मंत्री बदलला म्हणून अशा सचिवाला हत्तीच्या पायी जाण्याचे भय नाही, फार तर बदली. आणि बदली ही बढतीही असू शकते. यात राज्यकारभाराचे निःसंशय हित आहे. तथापि या व्यवस्थेत कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखविण्याइतकी धन्याच्या मनाशी एकरूपता कोणी जोपासावी, अशी अपेक्षाच कोणी करीत नाही, आणि कदाचित तेच बरे आहे.

महादेवभाईंच्या मागे राहिलेल्या रोजनिशीच्या वह्यांचे संपादन त्यांचे सहकारी नरहरी परीख यांनी हाती घेतले, आणि 1955 मध्ये साहित्य अकादमीने गुजराती भाषेसाठी दिलेला पहिला पुरस्कार 'महादेवभाईनी डायरी'ला मिळाला. तो घ्यावयास लेखक हयात नव्हता. गांधीजींचे समग्र चरित्र महादेवभाई लिहितील अशी सर्वांची अपेक्षा होती, त्या वह्या एका अर्थी त्याच ग्रंथाची सामग्री होत्या. ते काम प्यारेलाल यांच्याकडे आले. त्यांनी अखेरच्या पर्वापासून आरंभ केला, 1956 आणि 1958 मध्ये त्याचे दोन मोठे खंड काढले, मग मागे वळून प्रारंभीच्या पर्वाचा खंड 1965 मध्ये प्रसिद्ध केला, आणि मधल्या पर्वांवर काम चालू असतानाच 1982 मध्ये तेही गेले. उरलेले खंड पुढे त्यांच्या भगिनी सुशीला नायर यांनी पुरे केले.